शिराझच्या पेल्यात मिरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ईडन व्हॅलीत, ग्नाडेनबर्ग नावाच्या लूथरन चर्चसमोर एक द्राक्षबाग आहे. या जर्मन नावाचं इंग्रजी रूप म्हणजे ‘हिल ऑफ ग्रेस’, कृपेची टेकडी. वाइन करणाऱ्या हेन्श्के घराण्याच्या शिराझला, म्हणजे शिराझ द्राक्षांच्या लाल वाइनला, बागेचंच नाव मिळालं. सिरिल हेन्श्के यांनी १९५८मध्ये या बागेची पहिली वाइन केली.

सगळ्यात जुने वेल १८६०च्या सुमाराचे, पिळदार खोडांचे. तिथे त्यांना ‘आजोबा’च म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा फायलॉक्सेरा किडीने उजाड केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पोचलीच नाही, म्हणून हे वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. म्हाताऱ्या वेलाला घड मोजके, पण त्यांत रस दाट. शिवाय हेन्श्केंचा हट्टही आहे: द्राक्षं मनासारखी नव्हती म्हणून २०००ची वाइन बाजारात आलीच नाही.

जुनी बाटली आधी उभी ठेवावी, गाळ तळाशी बसू द्यावा आणि वाइन अलगद सुरईत ओतावी. तापमान सोळा-सतरा अंश. पेला एक तृतीयांशच भरायचा, गोल फिरवायचा, मग नाक खुपसायचं. आधी काळ्या बोरांचा, पिकल्या प्लमचा वास येतो. पाठोपाठ मिरी!

हा कल्पनाविलास नव्हे. काळ्या मिरीतलं रोटंडोन हेच द्रव्य शिराझच्या द्राक्षांत असतं, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे चाचणीतल्या साधारण दर पाचांतल्या एकाला ते हुंगताच आलं नाही. त्यामुळे शेजारचा ‘मिरी कुठंय?’ म्हणाला, तर त्याला अरसिक ठरवू नये.

घोट जिभेवर घोळवला की सालीतल्या टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांना जाणवतो. थोडी पेल्यात उरू द्यावी. तासाभराने वास बदललेला असतो.