दुभाष्याचा चेहरा : इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या संदर्भात

मराठीतील ‘तर्जुमा’ हा शब्द ज्या अरबी मुळापासून फारसीमार्गे आला, त्याच मुळापासून दरी भाषेतील ‘तर्जुमान’ म्हणजे दुभाषी हा शब्द सिद्ध झाला आहे. युरोपीय भाषांतील ‘ड्रॅगोमन’ही त्याच कुळातला. २००१ नंतर अफगाणिस्तानात व २००३ नंतर इराकमध्ये उतरलेल्या अमेरिकी सैनिकांनी मात्र ‘इंटरप्रिटर’ या शब्दाची छाटणी करून ‘टर्प’ असे सुटसुटीत नाव रूढ केले.

लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५च्या ग्रंथात अनुवादकाच्या अदृश्यतेची मीमांसा केली, तेव्हा ही अदृश्यता त्यांना अनुवादकावरील अन्याय वाटत होती. युद्धभूमीवरील दुभाष्याच्या बाबतीत हा विचार उलटा करावा लागतो. गस्तीत तो अधिकाऱ्याच्या शेजारी चालतो, झडतीच्या वेळी घराच्या उंबऱ्यात तोच प्रथम बोलतो. हुकूम परक्याचा असला तरी ऐकू येणारा आवाज त्याचा असतो. बगदादमधील अनेक दुभाषी म्हणूनच चेहऱ्यावर मुखवटा ओढून काम करीत. २००८ मध्ये अमेरिकी लष्कराने तेथे मुखवट्यांस मनाई केली. टीका झाल्यावर हा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविण्यात आला. अर्थात मुखवटा चेहरा झाकतो, बोली झाकत नाही. हेलमंदच्या पश्तून गावात काबूलहून आलेल्या दुभाष्याचे पश्तो ऐकताच तो कुठला, हे ओळखले जाई.

ज्यांच्यासाठी तो बोलतो तेही त्याला पूर्णपणे आपला मानीत नाहीत. त्याची वरचेवर चौकशी होते. ग्रामस्थ दोन मिनिटे बोलला आणि दुभाष्याने एका वाक्यात सांगितले, तर उरलेले कुठे गेले असा संशय येतो; अपशब्द सौम्य केला तर तो अप्रामाणिक, जसाच्या तसा सांगितला तर बंदुका रोखल्या जाण्याचा धोका. अनुवादातील निष्ठेचा जुना प्रश्न येथे जिवावर बेततो. हा संशय नवा नव्हे. १५१९ मध्ये कोर्तेसला भेट म्हणून दिलेल्या स्त्रियांपैकी मालिंचे हिने नाहुआत्ल व माया भाषांच्या ज्ञानावर त्याची मध्यस्थी केली. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये ‘मालिंचिस्ता’ हे आजही परकीयांचे अंधानुकरण करणाऱ्यास उद्देशून वापरले जाणारे दूषण आहे. त्या दासीला निवड कितपत होती, हे त्या शब्दात कोठेच उमटत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याचे मौनही बोलके आहे. १९४९च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराचे कलम १०५ खटला चालणाऱ्या युद्धकैद्यास सक्षम दुभाषी मिळण्याचा हक्क देते. १९७७च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात पत्रकारांसाठी स्वतंत्र कलम (७९) आहे. युद्धक्षेत्रातील दुभाष्यांच्या रक्षणासाठी तसे कलम नाही.

अफगाण दुभाष्यांच्या संदर्भात दोन लिखित संहिता एकत्र वाचाव्या लागतात. पहिली ‘शबनामा’, म्हणजे रात्रीचे पत्र. तालिबान ते रात्री दारावर लावीत किंवा आत टाकीत. काम सोडा, नाहीतर शिक्षा भोगा, हा त्याचा आशय. करारनाम्या-पंचनाम्याची सवय असलेल्या मराठी कानाला हा ‘नामा’ परिचित वाटेल. दुसरी संहिता वरिष्ठ अधिकाऱ्याचे शिफारसपत्र. २००९च्या अमेरिकी कायद्याने अफगाण सहकाऱ्यांसाठी विशेष व्हिसाची तरतूद केली. त्यासाठी सेवेचा पुरावा व जिवाला धोका असल्याचा निर्वाळा लागे. धमकीचे पत्र जपून ठेवून तेच अर्जास जोडावे, असा विलक्षण व्यवहार त्यातून निर्माण झाला. भीती घालण्यासाठी लिहिलेला मजकूर पात्रतेचा दाखला ठरला. पुढे कायद्याने नऊ महिन्यांची मुदत घातली, तरी प्रत्यक्षात अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. नाक्यांवर झडत्या सुरू झाल्या, आणि विमानतळाच्या दारावर जे शिफारसपत्र दाखवावयाचे तेच वाटेत सापडले तर घात होणार होता. अनेकांनी ती कागदपत्रे जाळून टाकली. काहींनी त्यांची छायाचित्रे काढून ठेवली आणि मग जाळली.