पत्त्यांवरच्या तलवारी

लँकेस्टर (पेनसिल्व्हेनिया)

इथल्या चर्चमध्ये उपासना वरच्या दालनात आणि बाकीचा सगळा संसार खाली तळघरात, अशी साधारण रीत असते. लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. लग्नाचं जेवण तिथेच, शिवणाचा वर्गही तिथेच, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ किशोरवयीन मुलांची. अमेरिकेतल्या अशा तळघरांमध्ये 1995 पासून ‘रिडेम्प्शन’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळला जातो. पत्त्यांवर बायबलमधली माणसं, देवदूत आणि सैतानी शक्ती चितारलेल्या असतात. अशा खेळात शस्त्रं आणि रक्तपात कितपत दाखवावा, यावर चर्चमधली माणसं मनापासून वाद घालतात. अमेरिका समजून घ्यायची असेल, तर हा वाद किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

खेळ रॉब अँडरसन यांनी बेतला आणि ‘कॅक्टस गेम डिझाइन’ या कंपनीने काढला. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा, किमान 50 पत्त्यांचा डेक असतो. प्रतिस्पर्ध्याच्या गुलामगिरीच्या प्रदेशात हरवलेले आत्मे अडकलेले असतात. आपला नायक पाठवून ते सोडवायचे. समोरचा एखादं दुष्ट पात्र पुढे करून वाट अडवतो आणि लढाई जुंपते. आधी पाच आत्मे सोडवील तो जिंकला. नायकांची दलं रंगांवरून ओळखायची, योद्धे लाल आणि देवदूत चंदेरी. पत्त्यावर बळाचे आकडे असतात आणि खाली बायबलचं वचन, अध्याय-ओवीसकट.

पत्ते आणि चर्च यांचं इथलं वैर जुनं आहे. राजा-राणी-गुलामाचे पत्ते म्हणजे जुगाराची पहिली पायरी, असं मानणारी घरं या भागात पुष्कळ होती. अशा घरांसाठी पार्कर ब्रदर्सने 1906 मध्ये ‘रूक’ काढला. त्यात चेहऱ्यांचे पत्ते नव्हते, फक्त चार रंग आणि आकडे. मग 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि पुढच्या दशकात हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी भीती देशभर पसरली. मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग या आईने 1983 मध्ये त्याविरुद्ध संघटना उभारली. 1993 मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आला तेव्हा ही भीती पुन्हा जागी झाली. 1995 च्या आवृत्तीत ‘मॅजिक’च्या कंपनीने एका पत्त्यावरच्या चित्रातली जळती पंचकोनी चांदणी काढून टाकली. राक्षसांचे नवे पत्ते काढणंही काही वर्षं थांबवलं. न्यूयॉर्कजवळच्या बेडफर्डमध्ये काही कॅथलिक पालक शाळेत ‘मॅजिक’ खेळू देण्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्याच खटल्यात आपल्या गणपतीचाही प्रश्न होता. तिसरीच्या वर्गात गणेशाची गोष्ट वाचून मुलांकडून कागदी हत्तीमुख करून घेतलं होतं आणि 1999 मध्ये न्यायाधीशांनी ते आक्षेपार्ह ठरवलं. 2001 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल टिकू दिला नाही. चित्राला हा समाज किती गांभीर्याने घेतो, ते यावरून कळावं.

अशा वातावरणात ‘रिडेम्प्शन’ जन्मला. मुलांना पत्त्यांची गोडी लागलीच आहे, तर राक्षसांऐवजी बायबलमधले दावीद-गिदोन हाती द्यावेत, हा विचार मला पटतो. पण दावीद आणि गिदोन आले की त्यांच्या लढायाही आल्या. आपल्या घरातल्या भिंतीवर महिषासुराच्या छातीत त्रिशूळ खुपसणारी देवी असते आणि मूल तिच्यासमोर हात जोडतं, म्हणून मराठी वाचकाला यात वादाचं काय, असं वाटेल. इथल्या प्रॉटेस्टंट घरात चित्राची पूजा नसते. चित्र शिकवण्यासाठी असतं, आणि म्हणून ते मुलाला नेमकं काय शिकवतं याचा हिशेब मागितला जातो.

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकातली याएल घ्या. पळून आलेल्या सीसरा सेनापतीला ती तंबूत घेते, दूध पाजते, पांघरूण घालते आणि तो झोपला की तंबूची मेख त्याच्या कानशिलातून जमिनीपर्यंत ठोकते. त्याच पुस्तकात डावखुरा एहूद मांडीला बांधलेली दुधारी तलवार मवाबाच्या लठ्ठ राजाच्या पोटात अशी घुसवतो की मुठीवर चरबी मिटते. चित्रकाराने हे काढायचं कसं? मऊ करून काढलं तर ती गोष्टच राहत नाही. जसंच्या तसं काढलं तर बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ते द्यावं का, असं आई विचारणार, आणि तिचं विचारणं रास्त आहे.

माझं म्हणणं असं की खरा धोका रक्तात नाही, रक्त नसण्यात आहे. या खेळात ‘प्रभूचा दूत’ या पत्त्याने समोरच्याचं दुष्ट पात्र बाद होतं आणि ‘ख्रिस्ती हुतात्मा’ या पत्त्याने समोरच्याचा नायक बाद होतो. नियमाच्या भाषेत दोन्ही सारखंच, पत्ता उचलून टाकलेल्यांच्या ढिगात. म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणं हीदेखील प्रतिस्पर्ध्यावर टाकायची एक चाल होते. मेलं कोण, कशासाठी मेलं, त्याची किंमत काय, हे सांगायला नियमाकडे जागाच नाही. ते सांगू शकतं फक्त चित्र. म्हणून चकचकीत चिलखत, फुगलेले दंड, विजयाचा आवेश आणि कुठेही जखम नाही, असं चित्र मला मेखेच्या चित्रापेक्षा जास्त अयोग्य वाटतं.

सैनिकी भाषा ख्रिस्ती धर्मात मुळापासून आहे. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार अशी सगळी शस्त्रसामग्री मोजून दिली आहे. ‘रिडेम्प्शन’मध्ये त्यांचे पत्तेही आहेत. पण त्याच ठिकाणी पौल स्पष्ट बजावतो की ही झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही. आपल्याकडे 1882 मध्ये मुंबईत उतरलेली मुक्तिफौजही गणवेश आणि हुद्दे घेऊन आली, आणि नगरमध्ये तिने उभं केलं ते रुग्णालय. अमेरिकेत मात्र आत्मिक झुंज आणि खरी लढाई यांच्यातली ही सीमा वारंवार पुसट होते. 1986 मध्ये मेथडिस्टांच्या समितीने ख्रिस्ती सैनिकांना पुढे चला म्हणणारं प्रसिद्ध गीत नव्या गीतसंग्रहातून गाळायचं ठरवलं, तेव्हा एवढा गहजब झाला की ते परत घ्यावं लागलं. 2010 मध्ये उघड झालं की मिशिगनची एक कंपनी सैन्याला पुरवलेल्या बंदुकांच्या दुर्बिणींवर बायबलमधल्या ओव्यांचे संदर्भ कोरत होती. त्यातल्या एका दुर्बिणीवर होतं योहान 8:12, येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो ती जागा. इराक-अफगाणिस्तानात ज्या दुर्बिणीतून माणसावर नेम धरायचा, तिच्यावर हे वचन! टीका झाल्यावर कंपनीने ते थांबवलं.

2006 च्या अखेरीस ‘लेफ्ट बिहाइंड: इटर्नल फोर्सेस’ हा संगणकावरचा खेळ आला. टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांच्या कादंबऱ्यांवर तो बेतलेला होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ख्रिस्तविरोधकाच्या फौजांशी लढायचं, लोकांना आपल्या बाजूला वळवायचं; कुणाला ठार मारलं तर आत्मिक गुण घटतात, आणि प्रार्थना केली की भरून येतात. काही ख्रिस्ती संघटनांनीच वॉलमार्टकडे तो विक्रीतून काढण्याची मागणी केली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, याच लँकेस्टर काउंटीत, निकेल माइन्सच्या अ‍ॅमिश शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. अ‍ॅमिश माणसं मारेकऱ्याच्या घरी सांत्वनाला गेली, त्याच्या दफनालाही उभी राहिली. मारल्याची भरपाई प्रार्थनेच्या बटणाने होते असं मुलाला शिकवणारा खेळ या भूमीवर मला सहन होत नाही.

हिंसेची चित्रं शस्त्र न उचलणाऱ्या या अ‍ॅमिश-मेनोनाइट घरांतही आहेत. ‘मार्टर्स मिरर’ हा हुतात्म्यांच्या कथांचा ग्रंथ डच भाषेत 1660 मध्ये निघाला आणि 1685 च्या आवृत्तीसाठी यान लाउकेनने 104 कोरीव चित्रं केली. त्यातल्या एकात गोठलेलं पाणी आहे. बर्फ फुटून शिपाई छातीपर्यंत बुडालाय, आणि काठाशी वाकलेला डर्क विलेम्स दोन्ही हात त्याच्याकडे पसरून आहे. डर्क तुरुंगातून पळालेला कैदी, शिपाई त्याच्या मागावर. डर्क परत फिरला, शिपायाला वाचवलं, पकडला गेला आणि 1569 मध्ये आस्पेरेन इथे त्याला जाळण्यात आलं. हाच दीड हजार पानांचा ग्रंथ इथून जवळच्या एफ्राटात 1748-49 मध्ये जर्मनमध्ये छापला गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांनी उरलेल्या प्रतींची पानं बंदुकांत ठासायला नेली.

पत्त्यांसाठी चित्र काढणाऱ्यांना आणि ते पत्ते मुलांच्या हाती देणाऱ्या पालकांना, पाळकांना माझं सांगणं एवढंच आहे. याएलची मेख आणि एहूदची तलवार ठेवा, पण मरणाऱ्याचा चेहराही दिसू द्या. हुतात्म्याच्या पत्त्यावर डर्कसारखा माणूस येऊ द्या. देवदूताला आजच्या सैनिकाचा पोशाख किंवा बंदूक देऊ नका, आणि शत्रूला आजच्या कुठल्याही देशाचा, वंशाचा किंवा धर्माचा चेहरा देऊ नका. असा पत्ता कितीही सुंदर काढलेला असला, तरी तो डेकमधून काढून टाकावा.