नापासाला मैदान बंद

कारखान्यात माल बिघडला की पहिला दंड यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला होतो. यंत्राचे तेलपाणी कोणी पाहिले नाही, नव्या माणसाला काम कोणी शिकविले नाही, ही चौकशी मागाहून. तीही कोणी भांडले तर! अमेरिकेतील टेक्सास राज्याचा शाळकरी खेळाडूंविषयीचा एक नियम वाचनात आला, तेव्हा आम्ही तो याच नजरेने वाचला.

टेक्सासमध्ये फुटबॉल हे गावाचे दैवत आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आडदांड खेळ. शुक्रवारी रात्री शाळाशाळांचे सामने लागतात आणि लहान गावे अक्षरशः मैदानावर लोटतात. अशा ठिकाणी मुलाच्या गणिताची चौकशी कोण करणार? 1983 मध्ये गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी शालेय शिक्षणाच्या विचारासाठी समिती नेमली व डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो यांना अध्यक्ष केले. शाळा शिकविण्याहून खेळविण्यातच अधिक गुंतल्या आहेत, असे पेरो उघड म्हणू लागले. पुढे 1984 मध्ये शिक्षणसुधारणेचा मोठा कायदा झाला, त्यात हा नियम आला.

नियम असा: सहा आठवड्यांच्या गुणपत्रकात एका जरी विषयात 100 पैकी 70 हून कमी गुण पडले, तरी पुढचे सहा आठवडे सामना बंद. केवळ खेळच नव्हे, तर बँड, नाटक, जनावरांची प्रदर्शने यांनाही तो लागू. फुटबॉलच्या हंगामात आठवड्याला एक याप्रमाणे दहाच्या आसपास सामने होतात. म्हणजे एका विषयापायी अर्ध्याहून अधिक हंगाम गेला!

लोक खवळले. पालक न्यायालयात गेले. 1985 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शालेय सामन्यात भाग घेणे हा मूलभूत हक्क नव्हे, आणि शिक्षणाचा दर्जा राखण्याच्या हेतूशी या नियमाचा वाजवी संबंध आहे. नियम टिकला, व्हाइट मात्र 1986 ची निवडणूक हरले. तेलाचे भाव कोसळले होते, हे एक कारण होतेच. पण मैदानावरचा रागही त्यात होता.

या नियमाचा हेतू आम्हांला मान्य आहे. मुलाचे अंग चार वर्षे वापरून घ्यावयाचे, गावाने टाळ्या पिटावयाच्या, आणि शेवटी धड अर्ज लिहिता न येणारा तरुण रस्त्यावर सोडावयाचा, ही पिळवणूकच आहे. खेळून पोट भरण्याचे भाग्य शेकड्यात एकालाही लाभत नाही. तेव्हा मुलाला अक्षर आले पाहिजे, असा आग्रह धरणारा त्याचा शत्रू नव्हे.

मग आमचे भांडण कोठे आहे? करारांची कलमे वाचण्यात आमचे केस पांढरे झाले. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन शब्दांमधून केवढा कामगारवर्ग गळून पडतो, हे आम्ही जाणतो. टेक्सासच्या शिक्षणसंहितेत नापासाची बंदी सक्तीची आहे. जादा शिकवणी मात्र शाळांनी ‘द्यावी’ असे नाही, ‘देता येईल’ असे आहे. 1984 च्या कायद्याने गरीब भागांतील शाळांचे अनुदान वाढविले, खालच्या वर्गांत 22 मुलांची मर्यादा घातली, हे खरे. पण 1985 मध्ये मैदानाबाहेर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे बालपण त्याआधीच्या वर्गांत सरले होते. शिक्षा त्याला त्याच वर्षी मिळाली, सुधारणा त्याच्या धाकट्या भावंडांना.

अनुभवाने टेक्सासही थोडे नरमले. 1995 मध्ये कायदा बदलून, गुण सुधारले तर तीन आठवड्यांनीच परतण्याची वाट मोकळी झाली, आणि बंदीच्या काळात सरावाची मुभा मिळाली. आम्हांला यातली दुसरी सवलत अधिक मोलाची वाटते. सामना गेला तरी मुलगा संघातच राहतो. रोज संध्याकाळी त्याची विचारपूस करणारे कोणी तरी असते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पण सातवीपर्यंत तरी टिकलो ते कबड्डीमुळे. अंकगणितात नापास झालो तेव्हा मास्तरांनी आम्हांला संघातून काढले. त्यांची चूक नव्हती. परंतु अंकगणित शिकवावयास कोणीही बसले नाही, आणि मैदान गेल्यावर शाळेत जाण्याचे कारणही उरले नाही. पुढे अपूर्णांक आम्ही शिकलो ते पगारपत्रकावरून!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: नापास मुलाला मैदानाबाहेर बसविणारा नियम जरूर करावा. मात्र ज्या कलमात बंदीचे आठवडे लिहाल, त्याच कलमात शिकवणीचे ताससुद्धा लिहा. आणि दोहोंपुढे ‘करील’ हाच शब्द घाला.