ऐनाचा पाला आणि दीड तास

मे महिन्यात कर्जत लोकल नेरळच्या पुढे निघाली की उजवीकडे, माथेरानच्या डोंगराच्या निम्म्या उंचीवर, धुराच्या रेघा उठलेल्या दिसतात. डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "लावला बघा वणवा." पण वणव्याचा धूर पसरतो, पळतो. हा एका जागी उठतो, संथ, आणि तासभराने विरून जातो. कुणीतरी राखण करत बसलेलं आहे हे लांबूनही कळतं. ते कोण, हे बघायला मी वर गेले.

आसलवाडी, नाण्याचा माळ, बेकरेवाडी, किरवली ठाकूरवाडी अशा ठाकर-धनगरांच्या वाड्या या डोंगराच्या अंगाखांद्यावर आहेत. त्यांतल्या एकीत गेले. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या अंगणात बसले त्या मावशींना ते आवडायचं नाही. "वर दीड तास, खाली पाऊण," त्यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं. रेशन दीड तास, दवाखाना दीड तास, पोराचं कामही दीड तास. खाली उतरायला पाऊणच तास लागतो, पण तो हिशेबात कुणी धरत नाही. परत चढायचंच असतं ना!

याच डोंगरावरून 1907 पासून नेरळ-माथेरानची छोटी गाडी वळणं घेत जाते. वाडीला मात्र धड रस्ता नाही. दुखणाईत माणूस झोळीत घालून खाली न्यावा लागतो. 2003 साली माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, पुष्कळशी जमीन जंगलखात्याकडे, त्यामुळे प्रत्येक रस्त्याच्या वाटेत आधी कागद येतो. झाडं वाचली, हे खरंच. ज्यांनी ती इतकी वर्षं राखली त्यांच्या पायांचा विचार त्या कागदात कुठे आहे, ते मला सापडलं नाही.

धूर राबाचा होता. ऐन-किंजळाच्या डहाळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडायच्या, म्हणजे कवळ, मग ते भारे वाळवून रोपाच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि वरून भुरभुर माती असे थर द्यायचे आणि पेटवायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, जमीन भुसभुशीत होते. पाऊस लागला की तिथेच भाताचं किंवा नाचणीचं बी पडतं आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून खाचरात लावणी. ईशान्येकडचा झूम किंवा इंडोनेशियातली लादांग शेती यांच्याशी लोक याची सरमिसळ करतात. तिथे जंगलाचा तुकडा तोडून-जाळून पेरतात आणि पुढे शेत जागा बदलतं. इथे शेत जागेवरच राहतं, पाला माणसाच्या डोक्यावरून त्याच्याकडे येतो.

एवढं पुस्तकातही मिळतं. पेटवणं मिळत नाही. मावशींनी आधी कडेचं गवत खरवडून काढलं, मग ओंजळभर धूळ हवेत सोडून वारा बघितला. वारा जिकडे चालला होता त्या टोकाला काडी लावली. म्हणजे आग वाऱ्यावर स्वार होत नाही, त्याच्या तोंडावर रेटत हळूहळू पुढे सरकते. सुनेच्या हातात ओली डहाळी, उडालेली ठिणगी मारायला. ज्वाळा जवळजवळ दिसलीच नाही, मातीच्या थराखाली नुसतं धुमसत होतं. आणि तो वास! शेणाचा धूर, करपलेला ऐन आणि त्याखाली तापल्या मातीचा एक गोडसर वास. माझ्या ओढणीला तो दोन धुण्यांनंतरही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी अनवाणी पाय राखेवर टेकवत फिरल्या, कुठे अजून ऊब आहे ते बघत. वर पांढरट राख, बोटभर उकरलं की काळी, आणि त्याखाली माती विटेसारखी तांबूस. एका कोपऱ्यात ती तांबूस झाली नव्हती. "हितं पाला कमी पडला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "सगळीकडंच कमी पडतो आता."

हे कमी पडणं नीट समजून घ्यायला हवं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भातशेतीला जोडून वरकस जमिनी असत, डोंगरउताराच्या. त्यांवर नाचणी-वरी आणि राबाचा पाला. 1880 च्या दशकात या पाल्यावरून शेतकऱ्यांची आणि जंगलखात्याची इतकी जुंपली की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली निघाला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. राब त्या खात्यालाही पुरून उरला. आता त्याची गाठ फार्महाउसशी आहे. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही, पण मावशींचं घर ज्या मालकाच्या वरकसातून पिढ्यान्‌पिढ्या कवळ आणत होतं, त्याला ती अडचण नव्हती. ऐनाची झाडं आता कुंपणाच्या आत आहेत. काही उभी आहेत, काहींच्या जागी पोहण्याचा तलाव आहे.

मावशींचा मुलगा त्याच फार्महाउसवर माळी आहे. महिन्याचा पगार, दिवाळीला कपडे, तक्रार नाही. छाटणीचा ढीग वाया जातो म्हणून त्याने मालकांना विचारून एकदा तो पाला वर आणला, दीड तास डोक्यावरून. शोभेच्या झाडांचा होता. मावशींनी तो राबावर घातला, पेटवला आणि निकाल दिला, "त्या पाल्याला जीव नाय." भुरकन जळाला, राख उडून गेली.

दुसरी बाजूही याच तालुक्यात आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत-3'सारखे वाण दिले, आणि मावशींच्या पिशवीतलं बी तेच होतं. कोकणातलं कृषी विद्यापीठ राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपं करा म्हणतं. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेल्या सगुणा भात तंत्रात तर राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही: कायमचे वाफे, साच्याने पाडलेली भोकं, त्यांत बी. वाकून वाकून कंबर मोडलेली बाई हे ऐकून खूश व्हायला हवी, आणि राबाच्या धुराला मीच उगाच हळवी होते आहे, असंही मला वाटून गेलं. कवळाचे भारे वाहणारे हात बहुतेक बायकांचे असतात, हे हळवं होणाऱ्यांनी विसरू नये.

सून खाली जायचं म्हणते. तिचं माहेर खालापूर तालुक्यातलं, इर्शाळगडाच्या बाजूचं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत, 23 जुलैला शोध थांबवला. तिथेही यंत्रं चढवायला रस्ता नव्हता, बचावपथकं पायी गेली. "दीड तास," सून म्हणाली, सासूचाच शब्द, पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता. त्या वर्षापासून पावसाच्या रात्री ती पोरांना आतल्या खोलीत निजवत नाही, दाराशी निजवते. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौक गावाजवळ पक्की घरं बांधली. पनवेल-कर्जत नव्या लोकलमार्गावर चौकला स्टेशन आहे. सुनेच्या डोक्यात हे सगळं जोडलेलं आहे: घर, स्टेशन, शाळा. मावशी विचारतात, तिथे राब कुठे लावायचा? सून म्हणते, रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. मावशी म्हणतात, त्याची पेज होत नाही. माझा कल दरड आठवली की सुनेकडे जातो आणि जेवताना मावशींकडे. त्यांच्या तांदळाची पेज मी प्यायले आहे.

निघताना माय-लेकांचं वेगळंच चाललं होतं. मुलाने खाली कुठेतरी तो लोखंडी साचा बघितला होता. दोन गुंठ्यांत करून बघू, राबाला पाला नाहीच तर काय, असं त्याचं म्हणणं. दगडात वाफे धरायचे नाहीत, मावशी म्हणाल्या. धरतील, तो म्हणाला.

"आन् तणाचं औषध?" मावशींनी विचारलं. "त्याचं पैसं कोन देतो, तुझा शेठ?"