देवळाबाहेर थांबा

नांदेडला आलेला माणूस सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकवतो, फार तर माहूरला जाऊन येतो. लातूरकर पाहुण्यांना उदगीरचा किल्ला आणि खरोशाची लेणी दाखवतात. होट्टल आणि निलंग्याच्या जुन्या देवळांची वाट मात्र फार थोडे धरतात. वास्तविक कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, इथून हाकेच्या अंतरावर. ९७३पासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांचं राज्य चाललं. आज कोपऱ्यात पडलेला हा मुलूख तेव्हा सत्तेच्या अगदी जवळ होता, म्हणून तर इथल्या खेड्यांत अशी देवळं उभी राहिली.

निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर आधी पाहावं. मंडप एक, गर्भगृहं तीन. एकात शिवलिंग, दुसऱ्यात विष्णू, तिसऱ्यात हरगौरी. शैव-वैष्णवांच्या भांडणाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हा शेजार पाहून गंमत वाटते. देवळाचं विधान, म्हणजे तळाचा आराखडा, तारकाकृती आहे, म्हणजे भिंत सरळ न जाता कोन करत वळते. प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं, त्यामुळे सकाळी सपाट वाटलेली मूर्ती दुपारनंतर उठून दिसते. भाविक थेट आत जातो, दर्शन घेतो, निघतो. शिल्पकाराचं निम्मं काम बाहेरच राहतं. जंघेवरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या, सुरसुंदरींपाशी (कोरलेल्या देखण्या स्त्रियांपाशी) रेंगाळल्याशिवाय हे देऊळ पाहिलं असं म्हणू नये.

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला सिद्धेश्वराचं मंदिर आहे. गावात आणखीही जुनी देवळं आणि शिलालेख आहेत, त्यामुळे अर्धा दिवस सहज जातो. सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यातल्या जलसंगीला, एक सुरसुंदरी चक्क लेख कोरताना दाखवली आहे, आणि तो लेख चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याची स्तुती करतो. राजाची जाहिरात इतक्या देखण्या रीतीने क्वचितच झाली असेल!

कंधारची गोष्ट वेगळी. तिथे राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूळ मूर्तीच्या उंचीचा अंदाज बांधताना मान वर जाते.

आडवाटेच्या वास्तू पाहण्याची ही सवय दुसरीकडे रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये खेडोपाडीची जुनी चर्च पाहत हिंडणं हा साध्या माणसांचाही छंद आहे. निकोलस पेव्हस्नर या अभ्यासकाने १९५१ ते १९७४ या काळात तिथल्या वास्तूंची जिल्हावार नोंद करणारे ४६ खंड काढले. त्यांत आडगावच्या चर्चलाही जागा मिळाली. अनेक चर्चमध्ये दाराशी दोन-चार पानांची माहितीपुस्तिका ठेवलेली असते: कोणता भाग कधीचा, काय पाहावं. वापरातून गेलेल्या चर्चच्या जतनासाठी १९६९मध्ये स्वतंत्र निधी उभारला गेला.

आपल्याकडे गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मंदिरांवर आयुष्य वेचलं, पण ते ज्ञान देवळाच्या पायरीपर्यंत उतरलं नाही. उलट श्रद्धेपोटी मूर्तींना ऑइलपेंट फासला जातो, दगडी फरशीवर टाइल्स बसतात, भिंतीला सिमेंट थापलं जातं. रंगाच्या थराखाली बारीक कोरीवकाम बुजतं, आणि तो खरवडताना दगडही दुखावतो. जीर्णोद्धार म्हणून होणारं नुकसान चोरीपेक्षा कमी नाही.

जायचंच तर दिवाळीनंतर, थंडीत जा. छत पाहायला टॉर्च न्या. आधी बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घाला, मग आत शिरा. फोटोआधी पुजाऱ्यांना विचारा. गावातली माहिती बहुधा त्यांच्याकडेच असते. आणि आपल्या गावात असं देऊळ असेल, तर पुढच्या यात्रेच्या वर्गणीतून रंगाचे डबे आणण्याऐवजी चार पानांची पुस्तिका छापा.