व्हेनिसचे डोज: नियमांनी बांधलेले राज्यकर्ते

आपल्याकडच्या पुतळीहारातली पुतळी ज्या सोन्याच्या नाण्यावरून आली, तो व्हेनिसचा दुकात. त्यावर संत मार्क उभा आहे आणि त्याच्यासमोर हाती झेंडा धरून एक माणूस गुडघे टेकून बसला आहे. हा माणूस म्हणजे व्हेनिसचा राज्यकर्ता, डोज. साडेतीन ग्रॅमचं हे नाणं १२८४ पासून पाचशे वर्षं जवळजवळ तसंच पडत राहिलं. बदलत गेलं ते डोजचं नाव. १४७२ मध्ये निकोलो त्रोन या डोजने दुसऱ्या एका नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला. तो गेल्यावर व्हेनिसने ती प्रथाच बंद केली.

आरंभीचे डोज असे बांधलेले नव्हते. ते मुलाला सोबत गादीवर बसवत, आणि लोक चिडले की कुणाचे डोळे काढले जात, कुणाचा जीव जाई. ११७२ मध्ये विताले मिकिएल मारला गेला आणि व्यापारी घराण्यांनी निवड आपल्या हाती घेतली.

१२६८ पासूनची निवडपद्धत पाहण्यासारखी आहे. या घराण्यांच्या महापरिषदेचा एक सदस्य सेंट मार्क चर्चबाहेर जाई आणि भेटेल त्या पहिल्या मुलाला घेऊन येई. तो मुलगा सोडतीचे गोळे काढी. सोडतीने तीस जण निघत, त्यांतले नऊ उरत. ते नऊ जण चाळीस निवडत. प्रत्येक नावाला किमान सात मतं लागत. चाळिसांतून पुन्हा सोडतीने बारा, बारांनी निवडलेले पंचवीस, त्यांतले नऊ, नवांनी निवडलेले पंचेचाळीस, त्यांतले अकरा, आणि अकरांनी निवडलेले एक्केचाळीस. हे एक्केचाळीस जण डोज ठरवत. त्याला पंचवीस मतं हवीत. शेवटी मत कुणाच्या हाती जाणार हे आधी कळतच नसे, मग लाच द्यायची कुणाला? आणि मतदानाच्या फेऱ्यांत मोठं बहुमत लागे, त्यामुळे एका गटाचं चालत नसे.

निवडून आलेल्या डोजला लांबलचक शपथ घ्यावी लागे. परक्या राजांची पत्रं त्याने एकट्याने उघडायची नाहीत, त्यांच्या दूतांना एकट्याने भेटायचं नाही. तो मेल्यावर पुढच्यासाठी शपथेत नवी कलमं घालत. १५०१ पासून तर मेलेल्या डोजच्या कारभाराची चौकशी होऊ लागली. जिओव्हानी बेलिनीने ज्याचं देखणं चित्र काढलं, त्या लेओनार्दो लोरेदानच्या वारसांनाही दंड भरावा लागला.

मारिनो फालिएरने या बंधनांविरुद्ध कट केला. १७ एप्रिल १३५५ ला त्याचा शिरच्छेद झाला. डोजच्या राजवाड्यातल्या महापरिषदेच्या दालनात डोजांच्या चित्रांची ओळ आहे. तिथे त्याच्या जागी काळं कापड रंगवलं आहे आणि गुन्ह्यांसाठी शिरच्छेद झालेल्या मारिनो फालिएरची ही जागा, असं त्यावर लिहिलं आहे.

या व्यवस्थेने परमुलखाला न्याय दिला नाही. १२०४ मध्ये वृद्ध, अंध डोज एन्रिको दांदोलो कॉन्स्टँटिनोपल लुटणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत होता. घरातही १२९७ नंतर महापरिषदेची दारं ठरावीक घराण्यांपुरती राहिली, सामान्यांना मत मिळालं नाही. १२ मे १७९७ ला नेपोलियनच्या धाकाने महापरिषदेने स्वतःलाच विसर्जित केलं आणि लुदोव्हिको मानिन शेवटचा डोज ठरला. तरीही १२६८ नंतर एकाही घराण्याला हे पद वंशपरंपरेने बळकावता आलं नाही. चांगला माणूस मिळेल या भरवशावर व्हेनिस थांबलं नाही. वाईट माणूस आला तरी राज्य टिकावं, असे नियम त्याने केले, आणि ते राज्यकर्त्याच्या मृत्यूनंतरही पाळले. मला त्याची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.