ड्रोन आपला रिमोट कसा ओळखतो?

फवारणीचा ड्रोन गावात आला म्हणजे बांधावर जमलेल्या मंडळींच्या मनात एक शंका हटकून येते. शेजारच्या शिवारात दुसरा ड्रोन चालू असेल, तर त्याच्या रिमोटने आपला ड्रोन भलतीकडे वळणार नाही काय? २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांना ड्रोन मिळू लागले. तेव्हा असा प्रसंग अशक्य नाही.

शंका रास्त आहे. पूर्वी छंदाच्या विमानांच्या बाबतीत असे खरोखरच घडत असे. त्या काळी रिमोट व विमानातील रिसीव्हर या दोहोंत एकाच रेडिओलहरीचे स्फटिक बसवीत. अमेरिकेत ७२, तर युरोपात ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी असे. रिसीव्हरला लहर ओळखता येई, पण ती कोणाच्या रिमोटची हे कळत नसे. एकाच लहरीवर दुसऱ्या कोणी रिमोट सुरू केला की विमान कोसळे. म्हणून मैदानावर फळा लावून त्यावर प्रत्येक लहरीचा एक चिमटा ठेवीत. चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच त्या लहरीचा रिमोट सुरू करावयाचा.

आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात व त्यांची रीत निराळी आहे. प्रत्येक रिमोटला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. रिसीव्हर जोडणीच्या स्थितीत ठेवला असता रिमोट हा क्रमांक त्याला कळवितो आणि रिसीव्हर तो कायमचा स्मरणात ठेवतो. बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही. यालाच चालक ‘बाइंड करणे’ म्हणतात. पुढे दोघेही ठराविक क्रमाने एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारीत राहतात. अनेक पद्धतींत हा क्रम त्या क्रमांकावरूनच ठरतो. परक्या क्रमांकाचा संदेश आला तर रिसीव्हर तो सोडून देतो. सायंकाळी गुरे परतताना गोठ्यातील वासरू आपल्याच गाईचे हंबरणे ओळखते, तसाच हा प्रकार होय.

मात्र रिमोट किंवा रिसीव्हर बदलला की ही ओळख पुन्हा करून द्यावी लागते, आणि धोका असतो तो याच वेळी. संपर्क तुटल्यास ड्रोनने काय करावे, ही योजना काही प्रकारांत जोडणीच्या क्षणीच नोंदली जाते. त्या वेळी गतीची दांडी वर राहिली, तर तीच स्थिती कायम होते. औषधाने भरलेले अवजड यंत्र मजुरांच्या डोक्यावरून असे सुटणे किती भयंकर, हे सांगावयास नको.

यास्तव जोडणीपूर्वी पंखे काढावेत, टाकी रिकामी करावी व दांडी अगदी खाली ठेवावी. जवळपास दुसऱ्या ड्रोनची जोडणी चालू नसावी. जोडणीनंतर दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत आणि पंखे न लावताच रिमोट बंद करून पाहावा. ड्रोनने संपर्क तुटल्याची सूचना दिली पाहिजे व पंपही थांबला पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी स्वतः पाहावी. ती झाल्याखेरीज टाकीत औषध भरू देऊ नये.